करवंदीच्या जाळीत

महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या शेतात शिरून आपल्या हातानं फळं तोडायची सोय आता बऱ्याच ठिकाणी झाली आहे. मालक टोपली देतो, पोरं वाफ्यांमधून फिरतात, आई-बाप फोटो काढतात आणि शेवटी वजन करून पैसे द्यायचे. 2010 साली या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. फळं आपणच तोडायचा हा रिवाज सगळीकडंच रुळत चाललाय आणि त्यात वावगं काही नाही. फक्त अस्सल कोल्हापूरकर ते ऐकून एकदा तरी विचारतोच, ‘तोडायचं आपणच, आणि वर पैसेबी आपणच द्यायचे?’

त्याचं कारण असं की कोल्हापुरात मे महिन्यात पोरांना घेऊन जायचं ते बागेत नव्हे, डोंगराला. जिल्ह्याचा पूर्वभाग उसानं भरलेला. फळं बघायची तर पश्चिमेला तोंड करायचं. जवळ म्हणजे जोतिबा, पन्हाळा, मसाई पठार. लांब म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. इथला रानमेवा कुणी लावलेला नाही. त्याला पाणी कुणी घालत नाही, औषध कुणी मारत नाही. तोडायला मात्र अक्कल लागते.

करवंदाचंच घ्या. फेब्रुवारी-मार्चला जाळीवर पांढरी चांदणीसारखी फुलं येतात, एप्रिलमध्ये हिरवी करवंदं लोणच्याला आणि चटणीला होतात, अन् मे लागला की ती काळीभोर पिकतात. जाळीत हात घालायच्या आधी काठीनं ती नीट झोडायची, कारण दुपारच्या उन्हात सावली शोधणारे आपण एकटेच नसतो. घोणस तिथंच असते. मग फांदीच्या टोकाला चिमटीत धरून ती उचलायची, म्हणजे खालच्या बाजूचे घोस दिसतात. वरची, उन्हातली करवंदं दिसायला काळी पण आकसलेली. पानाआडची टपोरी आणि रसाळ. पिकलेलं करवंद नुसत्या बोटाच्या धक्क्यानं निघतं. ओढावं लागलं तर ते अजून कच्चं, आणि देठातून लगेच पांढरा चीक येतो. हा चीक बोटांना, ओठांना चिकटतो आणि साबणानं जात नाही. खोबरेल तेल चोळायचं. काटे जोडीजोडीनं असतात, त्यामुळं हात आत जाताना काही होत नाही, बाहेर काढताना ओरखडा उठतो. शहरातली पोरं पहिल्या ओरखड्याला रडतात, दहाव्याला विसरतात.

मग ‘कोंबडा की कोंबडी’ सुरू होतं. करवंद मुठीत धरून विचारायचं, समोरच्यानं सांगायचं आणि फोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आजोबांपासून नातवापर्यंत एकाच नियमावर खेळला जाणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

यात एक शिस्त मात्र पाळायला हवी. रस्त्याकडेच्या, वस्तीजवळच्या जाळ्यांवर पहिला हक्क तिथल्या बायकांचा. पहाटे उठून त्या डोंगर चढतात, ऊन चढायच्या आत बुट्टी भरतात आणि पन्हाळ्याच्या वाटेवर नाहीतर कोल्हापूरच्या बाजारात पानांचे द्रोण मांडून बसतात. सुट्टीला आलेल्या चार कुटुंबांनी रस्त्यालगतची जाळी ओरबाडली की त्या मावशीला आणखी एक टेकाड चढावं लागतं. आपण दोन द्रोण विकत घ्यावेत आणि तिलाच विचारावं, ‘मावशी, पोरांना तोडायला कुठं नेऊ?’ ती जागा सांगते. भाव करू नये.

बाकीची फळं आपापल्या वेळेला येतात. तोरणं पांढरी, पिठूळ, पोरांनाच आवडणारी. आळू झाडावर खायचं नसतं, गवतात अढी घालून पिकवायचं. फणसात कापा आणि बरका यांचा वाद घरोघर. जांभूळ सगळ्यात शेवटी, मृगाच्या तोंडाला. त्याची फांदी ठिसूळ, म्हणून पोरांना वर चढवायचं नाही, खाली जुनं लुगडं धरून झाड हलवायचं. बांधावरच्या रायवळ आंब्यांची गोष्ट वेगळीच. शेप्या, गोटी, खोबऱ्या, साखऱ्या अशी झाडागणिक नावं, आणि झाड तुटलं की नावासकट चव गेली. उसाच्या बांधावर सावली नको म्हणून अशी कितीतरी गेली.

चंदगड आणि आजरा म्हणजे काजू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड आज तिथं परकं वाटत नाही. काजूच्या बागेत खरं तर काही तोडायचंच नसतं, पिकून पडलेलं वेचायचं. बोंडू पिरगाळून बी वेगळी करायची. बोंडू खाताना घसा धरतो. जरासं मीठ लावलं की कमी धरतो. पोरांना सांगून ठेवायचं ते एवढंच की बी दातानं फोडायची नाही. टरफलातल्या तेलानं ओठ भाजल्यासारखे सोलतात. बिया भाजायच्या तर उघड्यावर, लांबून काठीनं हलवत, कारण ते तेल भडकतं आणि उडतं. भाजलेली बी दगडानं फोडून गरम गर तोंडात टाकला की दुकानातला काजू मवाळ वाटू लागतो.

तिकडं अमेरिकेतल्या न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबंही उन्हाळ्यात ब्लूबेरी तोडायला जातात. ती ब्लूबेरीही शंभर वर्षांपूर्वी रानटीच होती. 1911 च्या सुमाराला व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट या शेतकरी बाईंनी आसपासच्या रानात फिरणाऱ्यांना भोकं पाडलेली मापं दिली. पाच अष्टमांश इंचाच्या भोकातून न जाणारं फळ ज्या झुडपावर मिळेल ते झुडूप दाखवायचं, बक्षीस घ्यायचं आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव. त्या झुडपांवर फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानं काम केलं आणि 1916 साली पहिलं पीक विकलं गेलं. आपल्याकडं दापोलीच्या कृषी विद्यापीठानं करवंदाचं ‘कोकण बोल्ड’ हे मोठ्या फळाचं वाण दिलंय. पण कुठल्या डोंगरावरची कुठली जाळी सगळ्यात गोड, हे ठाऊक असलेल्या मावशीला माप घेऊन विचारायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

करवंदाचा खरा वैरी वणवा. गवत चांगलं उगवतं या समजुतीनं फेब्रुवारी-मार्चला डोंगर पेटवले जातात, नेमके जाळी फुलावर असताना. जाळी मरत नाही, मुळातून पुन्हा फुटते. पण त्या वर्षीचं फळ गेलं आणि ज्या घरात दोन महिने त्या पैशावर मीठमिरची येते तिथं ते जाणवतं. राधानगरी अभयारण्याचा भाग वेगळा. 1958 पासून राखीव असलेल्या आणि आज 351 चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या रानात पर्यटकानं काही तोडायचं नसतं. तिथली करवंदं आणि जांभळं गव्यांची, अस्वलांची, पाखरांची.

ज्यांचं शेत डोंगराकडंला आहे त्यांनी येत्या उन्हाळ्यात खाल्लेल्या करवंदांच्या बिया फेकू नयेत. त्या वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत. ताज्याच धुऊन पिशवीत लावायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात रोपं बांधावर हात-दीड हातावर लावायची. तीन-चार वर्षांत जनावर शिरणार नाही असं कुंपण होतं. तारेला गंज चढतो, याला फुलं येतात.