मान मिळाला, धनाचे काय?

‘आपण काय करता?’ असे कोणी विचारले की आम्ही सांगतो, ‘लेखन करतो.’ विचारणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘ते ठीक आहे हो, पण पोटापाण्यासाठी काय करता?’ लेखन हे पोटापाण्याचे काम असू शकते, हे आमच्या समाजाला अजून पटलेले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही ते रोज नव्याने पटवून घ्यावे लागते.

आमचा दिवस सकाळी भाषांतराने सुरू होतो. पैसे शब्दागणिक. दुपारी कुणा निवृत्त साहेबांचे आत्मचरित्र लिहायचे. मेहनत आमची, मुखपृष्ठावर नाव त्यांचे. एप्रिल आणि डिसेंबर जवळ आला की स्मरणिकांची मुद्रिते तपासायची. रात्री दहानंतर पोरे झोपली की कादंबरीचे बाड उघडायचे. सहा वर्षे झाली, कादंबरी अकराव्या प्रकरणावर अडली आहे. प्रतिभा आटली म्हणून नव्हे. विजेचे बिल आले की आमच्या रात्रीवरही पहिला हक्क भाषांतराचा असतो.

मागे एका दिवाळी अंकाने आमच्याकडून बारा पानांची कथा मागून घेतली. अंक निघाला, प्रकाशन सोहळ्यात शाल-श्रीफळ मिळाले, टाळ्या मिळाल्या. पुढे मानधनाचे विचारले तर संपादक म्हणाले, ‘अहो, तुम्ही चळवळीतली माणसे, तुम्ही पैशाचे काढावे?’ आमचा सवाल साधा आहे. कागदवाल्याचे बिल दिले, छपाईवाल्याचे दिले, मंडपवाल्याचेही दिले. मग चळवळीसाठी त्याग करण्याचा मान एकट्या लेखकालाच का?

हा मान आमच्या ओळखीचा आहे, बांधवांनो! महारवतन म्हणजे दुसरे काय होते? नाव वतनाचे, प्रतिष्ठेचे. काम मात्र रात्रंदिवस, आणि त्याचा ठरलेला दाम नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर घर चालायचे. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. वतने खालसा करणारा कायदा यायला 1958 साल उजाडले. काम केले तर त्याचा दाम ठरलेला हवा, हा धडा आम्ही त्या लढ्यातून घेतला. मग लेखणी हातात आल्यावर तो विसरायचा का?

अण्णाभाऊ साठ्यांकडे पाहा. ‘फकिरा’ 1959 साली आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. वाचक होते, कीर्ती होती. तरीही घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत दिवस काढलेला हा माणूस 1969 साली हलाखीत गेला. आज त्यांच्या जयंतीला मिरवणुका निघतात. जिवंतपणी हिशेब चुकता झाला असता तर?

आता आमच्या कादंबरीचा हिशेब मांडू. समजा ती पुरी झाली, किंमत 300 रुपये, हजार प्रती, लेखकाला दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर 30,000 रुपये. सहा वर्षांत वाटून घेतले तर महिन्याला सव्वाचारशेही पडत नाहीत! एवढ्यावर कोण टिकेल? ज्याच्या पाठीशी वाडा आहे, शेतीवाडी आहे, तो टिकेल. ज्याच्या घरात पहिल्यांदाच लेखणी आली, तो पोरगा दोन कथा लिहून कुरिअरची पोती उचलायला जाईल. मग प्रस्थापित विचारतील, ‘तुमच्यात कादंबरीकार कमी का?’ फुकट लेखनाची चाल ही अशी गुपचूप निवड करते. दारावर पाटी नसते, पण आत कोण येणार हे ठरलेले असते.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने आहे. कुणाच्या नोकरीत नसताना स्वतः लिहिलेल्या लेखनाचे पहिले मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि तुमची सही लागते. त्यात मोबदल्याचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. तेव्हा तोंडी शब्दावर बाड देऊ नका. दर आधी विचारा. विचारताना मान खाली घालू नका.

आणि संयोजकांनो, संपादकांनो, तुमच्या खर्चाच्या यादीत एक ओळ लेखकाची लिहा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरलेली असू द्या.

वाचकांवर आमचा भरवसा आहे. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर, परतीच्या गाडीत बसताना भाकरीच्या फडक्याशेजारी पुस्तके बांधून नेणारी माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. मजुरीतून पैसे वाचवून ती पुस्तक विकत घेतात, फुकट मागत नाहीत. त्यांना जे कळते ते शाल-श्रीफळवाल्यांना कधी कळणार?

शाल आमच्याकडे आता सात झाल्या आहेत. अकरावे प्रकरण अजून बाकी आहे.