पत्त्याच्या टोकाला दडलेला प्रेषक

बँकेच्या नावाने आलेला बनावट ईमेल ओळखताना बहुतेक लोक आधी मजकुरातील चुका शोधतात. परंतु शुद्ध भाषा आणि हुबेहूब बोधचिन्ह आता कोणालाही सहज जुळवता येत असल्याने ही कसोटी पुरेशी राहिलेली नाही, आणि पारख करावी लागते ती पत्र कोठून आले व ते वाचकाला कोठे नेऊ पाहते याची. विश्वासू संस्थेचे सोंग घेऊन गोपनीय माहिती काढून घेण्याच्या या प्रकाराला ‘फिशिंग’ म्हणतात.

हे सोंग वठते ते ईमेलच्या मूळ रचनेमुळे. १९८२ साली प्रमाणित झालेल्या एसएमटीपी या ईमेल-वहनाच्या नियमावलीत प्रेषकाची ओळख पडताळण्याची तरतूद नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे प्रेषकाच्या जागी कोणत्याही बँकेचे नाव घालता येत असे. पुढे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पडताळणीच्या पद्धती आल्या आणि बँकेचा नेमका पत्ता वापरणे अवघड झाले, तरी त्याच्याशी मिळताजुळता नवा पत्ता नोंदवणाऱ्याला त्या अडवू शकत नाहीत. मोबाइलवर तर बहुधा केवळ नावच दिसते आणि खरा पत्ता त्या नावावर बोट ठेवल्याखेरीज उघड होत नाही.

म्हणून डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदणीकृत नाव, नीट वाचता येणे महत्त्वाचे ठरते. दुव्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या लगेच आधीचे टोक त्या स्थळाचा मालक सांगते. दुव्याच्या आरंभी बँकेचे नाव कितीही ठळक असले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या टोकाच्या नावावर नेण्यास सांगितले, आणि ही नावे आयडीआरबीटी ही संस्था केवळ बँकांनाच देत असल्यामुळे सामान्य खातेदाराच्या हाती प्रथमच एक भरवशाची खूण आली आहे. पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाला मात्र तेवढे वजन देऊ नये, कारण माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही एवढेच ते सांगते. ती घेणारा प्रामाणिक आहे की नाही, हे सांगत नाही.

मजकुरात पाहायची ती घाई. ‘केवायसी’, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे, अपुरी असल्याने आज रात्री खाते गोठवले जाईल, असा धाक घालून दुवा उघडायला लावणारे पत्र संशयास्पदच समजावे आणि खात्री पासबुकावरील किंवा कार्डामागील क्रमांकावर फोन करूनच करावी. पासवर्ड, पिन वा ओटीपी कोणतीही बँक ईमेलने मागत नाही.

इतके करूनही माणूस फसतो, आणि त्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचेच नव्हे तर घातकही आहे, कारण लाजेपोटी तो गप्प राहतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराने स्वतःच गोपनीय माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे असते. त्यामुळे बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला त्याच क्षणी कळवणे आवश्यक असते.