बांद्याच्या अलीकडे आणि पलीकडे

महाराष्ट्राचा विस्तार एका दमात सांगावयाचा झाला म्हणजे व्यासपीठावरील वक्ते ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ असे म्हणतात. त्यातील बांदा आमच्या जिल्ह्यात आहे. कणकवलीहून महामार्गाने दक्षिणेस निघावे, कुडाळ आणि सावंतवाडी मागे टाकावी, की तास-दीड तासात बांदा येते आणि पुढे थोड्याच अंतरावर पत्रादेवीपाशी महाराष्ट्राचे राज्य संपून गोव्याचे सुरू होते. माती तीच, पाऊस तोच, झाडेही तीच. बदलते ते फक्त सरकार. उद्योगधंद्याला महाराष्ट्रासारखे दुसरे राज्य नाही, असे जे मुंबईच्या सभागृहांतून वारंवार सांगितले जाते, त्याची परीक्षा नरिमन पॉइंटला घेण्यापेक्षा म्हणूनच बांद्याला घेतलेली बरी.

हा दावा निराधार आहे असे मात्र कोणी समजू नये. देशातील सर्व राज्यांत महाराष्ट्राचे उत्पन्न सर्वाधिक आहे आणि परदेशातून भारतात येणाऱ्या थेट भांडवलापैकी मोठा वाटा गेली कित्येक वर्षे याच राज्यात येतो. मुंबईचा शेअरबाजार १८७५ सालचा, न्हावाशेव्याचे बंदर १९८९ सालचे. राज्याची स्थापना १९६० साली झाली आणि पुढल्या सहा वर्षांत औद्योगिक विकास महामंडळ (१९६२), मागास भागात कारखाने नेणाऱ्यांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना (१९६४) आणि ‘सिकॉम’ (१९६६) अशी सगळी यंत्रणा उभी राहिली. त्या काळी इतर राज्ये या बाबतीत पुष्कळच मागे होती. अलीकडे केंद्र सरकारने व्यवसायसुलभतेची क्रमवारी लावण्याचा उपक्रम सुरू केला, तीत २०१५ साली महाराष्ट्र आठवा आला आणि २०१९ च्या यादीत तेरावा. या यादीने राज्यात थोडी खळबळ उडाली. परंतु भांडवल यादी वाचून आपला मार्ग बदलते असे काही दिसले नाही. ते येथे येत राहिले, कारण बाजारपेठ, बंदर, बँका आणि शिकलेला कारागीर या चार गोष्टी जेथे एकत्र सापडतात तेथे क्रमांकाला फारसे कोणी विचारीत नाही.

तथापि या चार गोष्टी राज्यात सर्वत्र सारख्या सापडत नाहीत, आणि राज्याच्या लौकिकाची खरी मेख येथेच आहे. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्याचे गुण आपण सबंध महाराष्ट्राच्या नावावर मांडतो. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. राज्याची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,०३६ होती, आणि त्याचे कारण कोणत्याही वाडीत विचारले तरी मिळते: पुरुष मुंबईला. पूर्वी गिरणीत, आता वसई-विरार, डोंबिवलीच्या बाजूस मिळेल त्या कामावर. आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडील तरुण असेल तर दररोज मोटारसायकलीवरून गोव्यातल्या कारखान्यात. साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक आणि घरे बंद, अशी ही विलक्षण सांगड आहे. ज्या राज्यात धंदा करणे सोपे असे आपण म्हणतो, त्याच राज्यातील एक सुशिक्षित जिल्हा ओसरत चालला आहे, याचा काही अर्थ लावावयास नको काय?

उद्योजकाला राज्याकडून नेमके हवे तरी काय असते? याचे उत्तर महाराष्ट्राच्या स्थापनेच्या आधी पन्नास वर्षे मिळालेले आहे. बेळगावात लोखंडी नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला आणि कर्जाऊ रक्कमही दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध हे काही श्रीमंत संस्थान नव्हते. तेथे जाहीर सवलतींची पुस्तिका नव्हती की गुंतवणूकदारांचे संमेलन नव्हते. परंतु जागा कोणाची याविषयी वाद नव्हता, निर्णय कोण घेणार याविषयी संदेह नव्हता, आणि दिलेला शब्द फिरणार नाही याची खात्री होती. आजच्या भाषेत ज्याला ‘एक खिडकी’ म्हणतात ती खिडकी तेथे होती आणि तिच्याआड माणूस बसलेला होता.

महाराष्ट्र शासनाने आमच्या जिल्ह्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. किंबहुना आमच्या मते येथील व्यापाराला राज्याने केलेले सर्वांत मोठे साहाय्य असे आहे, की ज्याची गणना उद्योगखात्याच्या अहवालात होतही नसेल. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र १९५७ साली सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञांनी काजूची एकेक जात निवडून, संकर करून, वर्षानुवर्षे तोलून-मापून सिद्ध केली. ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ ही नावे आज येथल्या शेतकऱ्याच्या तोंडी मुलांच्या नावांसारखी असतात. पुढे १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले आणि १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली. तिच्यामुळे, जेथे पूर्वी गवत आणि करवंदीच्या जाळ्या होत्या, त्या वरकस कातळ-डोंगरांवर आंबा आणि काजू चढला. कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या तालुक्यांत आज काजू फोडण्याचे जे लहान-मोठे कारखाने आहेत आणि त्यांत ज्या शेकडो स्त्रिया बसून गर सोलतात, त्यांच्या मजुरीचा उगम त्या रोपवाटिकांत आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले. वेंगुर्ल्याचा काजू आणि आमचे कोकम यांनाही ते मिळालेले आहे. हे सगळे धिम्या गतीने आणि बहुतांशी मूकपणे झाले. त्याचे उद्घाटन करण्याजोगे काही नव्हते, म्हणूनच कदाचित ते नीट झाले.

आता याच काजूची दुसरी बाजू पाहा. बी ज्या फळाला लटकते ते बोंड वजनाने बीच्या सहा ते दहा पट भरते. फेब्रुवारी ते मे या काळात बागेत जावे तर झाडाखाली पिवळ्या-तांबड्या बोंडांचा खच पडलेला असतो आणि आंबूस वासाने जीव गुदमरतो. बोंड एक दिवसाच्या वर टिकत नाही. बी पिरगळून घ्यावी आणि बोंड तेथेच टाकावे, असा आमच्याकडील रिवाज आहे. बांद्याच्या पलीकडे तोच शेतकरी, बहुधा याच घराण्यातील सोयरा, तीच बोंडे तुडवून रस काढतो, तो आंबवितो, भट्टीवर चढवितो. पहिल्या उतारावर हुर्राक आणि पुढे फेणी. गोव्याच्या फेणीला २००९ सालीच भौगोलिक चिन्हांकन मिळाले. गोव्याचे सरकार हंगामात भट्ट्यांना परवाने देते आणि महसूल घेते. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. म्हणून दोडामार्गाकडची बोंडे हंगामात टेंपोत भरून सीमेपलीकडे जातात. आणि जी जात नाहीत ती कुजतात. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेल्या या झाडाला सीमा कळत नाही. ती फक्त आमच्या कायद्याला कळते.

मद्याचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. कणकवलीच्या शेजारी गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी ज्या निष्ठेने आयुष्य वेचले, त्याची आठवण ठेवणाऱ्या गावाला तो शोभणारही नाही. परंतु हीच आठवण दुसरेही काही सांगते. आप्पासाहेबांनी १९४८ साली गोपुरी स्थापिली ती शेण, मेलेले जनावर, मैला अशा लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून उपयोगी काही निर्माण करण्यासाठी. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर डोंगरावर कुजणारे बोंड हा नीतीचाच प्रश्न आहे. बोंडाचे सरबत आणि सिरप करण्याच्या रीती विद्यापीठाने सिद्ध केल्या आहेत; उणीव आहे ती दिवसाच्या आत रस काढून थंड ठेवणाऱ्या लहान केंद्रांची. आणि मद्याचाच विषय निघाला तर, २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंड व मोहफूल यांच्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे ठरविले. आमच्या झाडावरचे फळ, आमच्या शेतकऱ्याचा रस, आणि दर्जा विदेशी! तरीही हा निर्णय योग्य दिशेचा होता हे कबूल केले पाहिजे. मात्र लहान शेतकऱ्याला परवडेल असा परवाना त्यातून निघाला तरच त्याचा उपयोग. नाही तर मोठ्या कारखानदाराच्या पदरात एक फळ अधिक पडेल, इतकेच.

काजूहूनही जुना आणि जड प्रश्न जमिनीचा आहे. कोणी तरुण कणकवलीत येऊन म्हणाला, मला वडिलोपार्जित जागेत कोकमाचा कारखाना काढावयाचा आहे, तर प्रथम त्याच्यासमोर सातबाराचा उतारा येतो. हा उतारा २०१८ पासून संगणकावर, डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. सुधारणा स्तुत्य आहे. पण त्यावर नावे पणजोबांच्या काळची असतात. एका गटात चाळीस-पन्नास हिस्सेदार; काही लालबागेत, काही बडोद्यात, काही परदेशात, आणि काहींचा पत्ता कोणालाच नाही. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेता येते. सर्वांची संमती! गणेशचतुर्थीला सगळे भाऊबंद एका माजघरात जेवतात, आरत्या म्हणतात, परंतु वाटणीचा शब्द निघताच परतीच्या गाडीची वेळ होते. बँक अशा जमिनीवर कर्ज देत नाही आणि देऊही नये. यापुढे आकारीपड जमिनी आहेत. आंबोली, चौकुळ, गेळे येथल्या कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनी आहेत. आणि ज्यांच्यावर शासनाच्या दप्तरात ‘वन’ असा शिक्का पडला आहे त्या खासगी जागा निराळ्याच. औंधच्या माळाविषयी जी निःसंदिग्धता होती ती येथे एकाही डोंगरावर नाही.

या पार्श्वभूमीवर ‘मैत्री’ या एक खिडकी कक्षाला २०२३ साली कायद्याचे बळ मिळाले, दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देऊन चालावे अशी तरतूद २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने केली, २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून नवउद्योजकाला अनुदान मिळू लागले, या सर्व गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. मात्र खिडकी मुंबईत उघडली आणि कवाड गावात बंद राहिले, तर वारा खेळत नाही.

शासनाला हे दिसत नाही असे नाही. परंतु त्याची नजर वारंवार मोठ्या प्रकल्पाकडे जाते. रत्नागिरीचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना १९९३ साली लोकांच्या विरोधामुळे थांबला आणि तामिळनाडूत गेला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली. तीत आमच्या देवगड तालुक्यातील गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही होती. कोकणी माणूस आळशी व उद्योगविरोधी आहे, असा निष्कर्ष यातून काढणारे मुंबईत पुष्कळ भेटतात. आम्हाला तो मान्य नाही. ज्याच्या कातळावर सुरुंग लावून, माती भरून, हापूसचे कलम जगविले आहे, त्याला ते कलम म्हणजेच कारखाना आहे, आणि आपला चालता कारखाना मोडून दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी पत्करावयास कोणताही व्यापारी नकार देईल. मात्र नकारानंतर पुढे काय, याचा विचार आमच्या लोकांनीही तितक्याच जोमाने केलेला नाही. आंदोलन जिंकून घरी आलेल्या गावातील मुले दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडतात, ही विजयाची खूण नव्हे.

वाहतुकीचा लाभ आपोआप आपल्याला मिळतो या भ्रमातही राहू नये. एके काळी बेळगाव-धारवाडकडचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात येत असे. १८८८ साली मुरगावची आगगाडी घाट चढली आणि वेंगुर्ल्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आमच्या आनंदाला पारावार नव्हता, आणि तो योग्यच होता. पुढल्याच वर्षी भरलेल्या मालमोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली, कोलाडपासून गोव्यातील वेर्णेपर्यंत. कणकवलीच्या फलाटावर उभे राहिले की त्या मोटारी गाडीवर बसून ऐटीत समोरून निघून जाताना दिसतात. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडला. त्यानंतर सव्वा वर्षातच, आमच्याच सीमेला लागून, गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाला. आंब्याच्या पेट्या कोणत्या विमानतळावरून परदेशी जातील हे ठरविणारा शीतगृहाचा निर्णय जो आधी घेईल, हंगाम त्याचा होईल.

महाराष्ट्र शासनाने या जिल्ह्यासाठी आता एकच काम हाती घ्यावे असे आम्ही सुचवितो. वेंगुर्ल्याच्या केंद्रात ज्या चिकाटीने काजूच्या जाती निवडल्या गेल्या, त्याच चिकाटीने एकेका गावाची जमीन मोजून, वारस नोंदवून, वाटप करून द्यावे. भाऊबंद गणपतीला आणि मे महिन्यात गावी असतात. तेव्हा तहसीलदाराने कचेरीत त्यांची वाट न पाहता दप्तर घेऊन गावात बसावे. मोजणीदार कमी पडत असतील तर नेमावेत. एखाद्या गुंतवणूक संमेलनाच्या मंडपाचा खर्च त्याला पुरेल. आणि आमच्या वाचकांपैकी जे मुंबई-पुण्यात आहेत, ज्यांचे नाव एखाद्या सातबारावर पणजोबांच्या खाली पेन्सिलीने लिहावयाचे राहून गेले आहे, त्यांनी या वर्षी चतुर्थीला येताना आपल्या वडिलांचा मृत्यूचा दाखला बरोबर आणावा.