संगरोधाचे दिवस : खाऱ्या पाण्यातील मासे व प्रवाळ यांची टाकी

'क्वारंटाइन' या शब्दाच्या पोटात एक संख्या दडलेली आहे. इ.स. १३७७ मध्ये आद्रियाटिक समुद्रावरील रागुसा बंदराने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस नगराबाहेर थांबविण्याचा निर्बंध घातला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि 'चाळीस' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून तिला नाव मिळाले. २०२० च्या साथीत 'विलगीकरण' हा शब्द मराठीत घरोघरी पोहोचला. परंतु रोग्यास वेगळे ठेवणे आणि निरोगी दिसणाऱ्या आगंतुकास वेगळे ठेवणे, या दोन भिन्न क्रिया त्याच एका शब्दाखाली आल्या. शासकीय हिंदीत दुसऱ्या क्रियेस 'संगरोध' म्हणतात. तोच शब्द येथे योजिला आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे खाऱ्या पाण्यातील मासे पाळताना प्रत्ययास येते.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि सागरी मासे काचेआड पाहण्याची हौस या किनाऱ्यास परिचित झाली. ती हौस वसई-विरारमधील एखाद्या घरी जोपासली जाते, तेव्हा मुख्य धोका नव्या माशासोबत येतो. 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' हा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीवर व कल्ल्यांत ३ ते ७ दिवस पोसला जातो. पांढरे ठिपके दिसतात ते याच अवस्थेत. नंतर तो गळून तळाशी कोश करतो आणि कोशातून शेकडो पिले बाहेर पडतात. ठिपके नाहीसे झाले की रोग गेला असे वाटते. वस्तुतः तो तळाशी वाढत असतो. कोश फुटण्यास बहुधा ३ ते २८ दिवस लागतात; ७२ दिवसांपर्यंतही पिले निघाल्याची नोंद आहे. म्हणून संगरोधाची मुदत शब्दाच्या व्युत्पत्तीवरून न ठरता या जीवनचक्रावरून ठरते.

माशांची संगरोध-टाकी साधी असावी. तळाशी वाळू वा चुनखडीचे दगड नसावेत. ते तांबे शोषून घेतात व कोशांस आसरा देतात. लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे पुरतात. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया जिवाणूंकडून पचविला जावा, यासाठी स्पंजाची गाळणी काही आठवडे आधीच प्रस्थापित टाकीत ठेवून मुरवावी. जाळी, नळी व बादली स्वतंत्र असावी. ओल्या जाळीबरोबरही रोग पलीकडे जातो. औषध म्हणून तांबे द्यावयाचे झाल्यास मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखून ते रोज मोजावे. तांबे केवळ पोहणाऱ्या पिलांस मारते, कोशास नव्हे. म्हणून उपचार तीन ते सहा आठवडे चालवावा लागतो.

प्रवाळांसाठी मात्र दुसरी टाकी हवी, कारण तांबे त्यांस विषच आहे. प्रवाळास हा परजीवी जडत नाही. पण ज्या दगडावर ते चिकटलेले असते त्यावर कोश असू शकतात. मासा नसलेल्या टाकीत, पुरेशा प्रकाशात, सुमारे अडीच महिने ठेवल्यास पिले यजमानावाचून मरतात. प्रवाळ खाणारे चपटे कृमी औषधी पाण्यात बुडवून काढता येतात, परंतु त्यांची अंडी टिकतात. म्हणून ती फुटण्याच्या बेताने ही क्रिया पुन्हा करावी. येथे 'प्रवाळ' म्हणजे कायद्याने मुभा असलेलेच. शैलभित्ती उभारणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे व त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाणी विकत का तयार करावे, असा प्रश्न वसईकरास पडणे साहजिक आहे. उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी यांच्या मुखांमुळे येथील पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घटते. शिवाय त्यात नवे जीव असतात, म्हणजे संगरोध तेथेच मोडतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून व ते शुद्ध करून त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार राहील इतके सागरी मीठ मिसळणे हाच सुरक्षित मार्ग होय.

उलट दिशेचीही जबाबदारी तितकीच मोठी आहे. तांबे मिसळलेले पाणी कालवे व कोळंबी यांस घातक असते. सक्रिय कोळशाने तांबे काढल्यावाचून ते नाल्यात वा खाडीत सोडू नये, आणि नकोसा झालेला जीव तर कधीच सोडू नये. अर्नाळा व नायगाव येथील कोळ्यांचे पोट त्याच पाण्यावर आहे. रागुसाने नगराचे रक्षण केले; या टाकीने घरातील माशांप्रमाणेच बाहेरच्या खाडीचेही रक्षण करावयाचे आहे.