ताप उतरला तरी नाडी बघा : डेंग्यू आणि हृदय



पावसाळा सरत आला की वाटूर आणि आसपासच्या वस्त्यांत तापाचे रुग्ण वाढतात. डेंग्यू निघाला की सगळे एकच विचारतात, "पेशी किती आल्या?" वॉर्डात काम करताना हा प्रश्न आम्ही रोज ऐकला. "बीपी किती? नाडी किती? लघवी झाली का?" असं विचारणारं मात्र क्वचितच कुणी भेटलं. पेशी महत्त्वाच्या आहेतच, पण डेंग्यू फक्त पेशींचा आजार नाही. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा २१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत डेंग्यूने गेले, ते अनेक अवयव निकामी होऊन.

डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. सोयाबीन काढणीचे दिवस असतात, मजुरी बुडत असते. म्हणून माणूस लगेच कामावर जातो. नेमकं याच वेळी सांभाळायचं असतं.

या काळात काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. हे २४ ते ४८ तास चालतं. रक्त घट्ट होतं, बीपी पडतो, हातपाय गार पडतात. अपुऱ्या रक्तावर हृदयाला जोरात धावावं लागतं. काही जणांत हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. मग नाडी फार मंद होते, फार जलद होते किंवा ठोके चुकतात. बहुतेकांचं हृदय काही दिवसांत, आठवड्यांत पूर्ववत होतं. थोड्यांच्या मात्र जिवावर बेततं.

नाडी घरीही मोजता येते. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आराम करत असलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. ती ५० च्या खाली गेली, १२० च्या वर गेली किंवा अनियमित लागली तर डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांची नाडी मुळातच जलद असते. त्यांच्यात मलूलपणा आणि गार हातपाय बघा.

पुढचं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट पाहू नका :
• छातीत दुखणं, धडधड, दम लागणं
• चक्कर, बेशुद्धी, बेचैनी किंवा सुस्ती
• पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या
• हिरड्या, नाक, लघवी किंवा शौचातून रक्त
• सहा तास लघवी न होणं

वाटूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा परतूरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. १०८ ची गाडी मोफत येते. छातीची तक्रार असेल तर "ईसीजी काढता का?" असं स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं नकोत, रक्तस्राव वाढतो. आधीपासून हृदयाची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "अशक्तपणा आहे, दोन बाटल्या लावा" असा आग्रहही नको. बाहेर झिरपलेलं पाणी नंतर परत रक्तात येतं. तेव्हा जास्तीचं सलाईन चढलं तर फुप्फुसात पाणी होतं आणि थकलेल्या हृदयावर भार पडतो.

हृदयाला सूज आल्याचं निघालं असेल, तर जड काम डॉक्टर सांगतील तोवर बंद. हे कधी तीन ते सहा महिनेही असतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायची ओढ आम्हालाही असते. पण नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाने यंदा आपल्या विहारातच वंदना घ्यावी.

शेवटी पाण्याचं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण ड्रम, रांजण भरून ठेवतो. यात घरातल्या बाईचा दोष नाही. नियमित पाणी मिळावं म्हणून ग्रामसभेत उभं राहून बोलूच. तोवर आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. भांडी नुसती रिकामी करू नका, आतून घासा. कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. विहारासमोरचा ड्रमही विसरू नका. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या लेकरांवरही मच्छरदाणी टाका.

ताप उतरल्यावर दोन दिवस रुग्णाजवळ बसा. त्याची नाडी मोजा, लघवीकडे लक्ष ठेवा.