दिवस राहिले, मग मनाच्या गोळ्यांचे काय?

भगिनींनो, उदासपणाच्या आजारावर गोळ्या चालू असताना पाळी चुकली, की घरात पहिला हुकूम सुटतो : "आधी त्या गोळ्या फेकून दे!" सासूबाई काळजीपोटीच बोलतात. पण गोळी एकाएकी तोडणे हाच मोठा धोका ठरू शकतो. चक्कर येते, झोप उडते, गेलेला आजार उलटतो. मग बाई नीट जेवत नाही, तपासणीला जात नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात. आजार अंगावर काढला तर बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे होण्याचा संभव वाढतो.

गोळ्यांचा धोका नाहीच, असे मात्र नाही. पॅरॉक्सेटिन या औषधाने बाळाच्या हृदयात दोष राहू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2005 साली दिला. म्हणून गरोदर बाईला डॉक्टर ते शक्यतो नव्याने सुरू करत नाहीत. सर्ट्रालिनसारखे औषध निवडतात. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असली तर काही बाळे जन्मल्यावर किरकिरतात, थरथरतात, दूध नीट ओढत नाहीत. बहुतेकांचे हे थोड्या दिवसांत आपोआप थांबते. फुप्फुसातील रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार एरवी हजारात एक-दोन बाळांना होतो; या गोळ्यांनी तो थोडा वाढतो, पण तरीही विरळाच.

व्हॅल्प्रोएटची गोष्ट वेगळी. फिट्स किंवा मनाच्या तीव्र चढउतारांवरच्या या औषधाने दहातल्या सुमारे एका बाळाला जन्मतः व्यंग येते. ते घेणारीने मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. दिवस राहिलेच असतील तर तातडीने जावे, पण तेही मनाने बंद करू नये.

अंगारे-धुपारे आपण केव्हाच सोडले. मग औषधाच्या बाबतीत शेजारणीच्या सांगण्यावर का चालावे?

पनवेलच्या भगिनींना उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, पण गोळ्यांविषयी विचारायला त्या तारखेची वाट पाहू नये. जाताना गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंपासून मनाचा आजार लपवू नये. जन्मल्यावर बाळावर लक्ष ठेवायचे ते त्यांनाच. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर 14416 या सरकारी फोनवर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आणि अंगावर पाजण्याचे विचाराल, तर सर्ट्रालिन दुधात फार थोडे उतरते. बहुतेक आयांना डॉक्टर पाजू देतात.