स्वमग्न माणसाची निष्ठा

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुटसुटीत आहे, कानाला बरा लागतो, आणि माझ्या मते त्यानेच निम्मा घोटाळा करून ठेवला आहे. जो स्वतःतच मग्न, त्याच्या मनात गाव, संघटना, देश यांना जागा कोठून असणार, असा निकाल आपण विचार न करताच देऊन मोकळे होतो. दोष मराठीचा नव्हे. मूळ शब्दच ग्रीक 'औटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून ऑयगेन ब्लॉइलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने घडविला, आणि तोही निराळ्याच आजाराचे, स्किझोफ्रेनियाचे, वर्णन करण्यासाठी. पुढे तो मुलांना चिकटला तो अर्थासकट चिकटला.

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली, नंतरचे सारे शिक्षण नगरवाचनालयात झाले. परंतु निष्ठा कशी जमते, कशी फुटते आणि तिचे सोंग कसे आणले जाते, हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. तेवढ्याच अधिकारावर मी या विषयाला हात घालीत आहे.

स्वमग्नता हा जडलेला रोग नव्हे; ती मेंदूच्या घडणीची जन्मजात तऱ्हा आहे. तिच्या छटा फार. कोणी आयुष्यभर बोलत नाही व त्याला सतत सोबत लागते, तर कोणी संशोधक होतो. समान धागा असा की, चेहऱ्यावरचे आणि आवाजातले न बोललेले इशारे या माणसांना आपल्यासारखे आपोआप वाचता येत नाहीत; पुष्कळांना गोंगाट, झगझगाट व गर्दी सोसत नाही; आणि ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणेच व्हावी अशी त्यांना ओढ असते. आता आपण जिला समूहभावना म्हणतो ती बहुधा कशाने उभी राहते? घोषणेने, एका ठेक्यातल्या टाळीने, शेजाऱ्याचा गळा दाटला म्हणून आपलाही दाटण्याने. म्हणजे जी वाट या माणसांना अडचणीची, नेमकी तीच वाट आपण निष्ठेचा राजरस्ता मानून बसलो आहो.

या अडचणीला उणीव ठरविणारे एक शहर होऊन गेले. त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर याने अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि 1944 साली व्हिएन्नात हान्स आस्परगर याने आपला प्रबंध छापला. दोघांनीही 'ऑटिस्टिक' हाच शब्द वापरला. पण आस्परगरचे व्हिएन्ना मार्च 1938 पासून हिटलरच्या राज्यात होते. तेथील मानसोपचारात 'गेम्यूट' या जर्मन शब्दाला मोठा मान होता. साधा अर्थ अंतःकरण, मनाचा ओलावा. नाझी काळात त्याला दुसरा रंग चढला : समूहाशी एकजीव होण्याची, राष्ट्रात विरघळण्याची पात्रता. जो मुलगा चारचौघांत मिसळत नाही, त्याचे गेम्यूट उणे. इतिहासकार ईडिथ शेफर यांनी 2018 च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, आस्परगरचे निदान याच कल्पनेच्या मुशीतून निघाले. हे मत सर्व अभ्यासकांना मान्य नाही, आणि आस्परगर नाझी पक्षाचा सभासद नव्हता हेही खरे. परंतु त्याच वर्षी हेर्विग चेक या संशोधकाने जुनी दप्तरे उलगडून दाखविले की, आस्परगरने काही अपंग मुलांना 'आम श्पीगेलग्रुंट' या संस्थेत धाडण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत 789 मुले मेली, त्यांतील कित्येकांना औषधे घालून मारण्यात आले. ही सारी मुले स्वमग्न होती असे मुळीच नव्हे. पण समूहात विरघळणे हीच माणुसकीची कसोटी ठरली, की त्या कसोटीत न बसणाऱ्याचे काय होते, एवढे त्या दप्तरांतून वाचता येते.

आता अलीकडच्या संशोधनाकडे वळू. देशप्रेम तराजूत घालून मोजणारा प्रयोग मला कोठे आढळला नाही, पण त्याच्या जवळपास जाणारे काही आहेत. 2011 साली अमेरिकेत केईसे इझुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. माणसांना खऱ्या पैशातून धर्मादाय संस्थेला दान करण्यास सांगितले, कधी एकांतात, कधी कोणी समोर बसून पाहत असताना. सर्वसाधारण माणसांचा हात कोणी पाहत असता अधिक सैल सुटला. स्वमग्न माणसांच्या दानात कोणी पाहण्या-न पाहण्याने फरक पडला नाही. समोर माणूस आहे हे त्यांना कळतच नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. लक्ष देऊन करावयाच्या दुसऱ्या एका कामात, कोणी पाहत असता त्यांचेही काम सुधारले. म्हणजे माणूस दिसत होता, पण त्याच्या नजरेपुढे आपली प्रतिष्ठा वाढविण्याची ओढ त्यांना नव्हती. या प्रयोगातील माणसे मोजकी होती, तेव्हा त्यावर इमला बांधू नये. बहुमताच्या चुकीच्या उत्तरापुढे माणूस मान तुकवितो की नाही हे पाहणारा सोलोमन ॲश यांचा प्रयोग प्रसिद्धच आहे. 1994 साली तो स्वमग्न प्रौढांवर केला तेव्हा फारसा फरक दिसला नाही. 2014 साली मुलांवर केला तेव्हा स्वमग्न मुले बहुमताला कमी वश झालेली दिसली. शास्त्राचा निकाल इतकाच आणि असा अर्धवट आहे.

मला स्वतःला हा प्रश्न शिकविला तो एका टर्नरने. 1990 नंतरच्या दशकातली गोष्ट. एका इंजिनिअरिंग कारखान्यात आमचा संप चालू होता. गेटसभेत घोषणा सुरू झाल्या की हा गृहस्थ रस्त्यापलीकडे पानपट्टीजवळ जाऊन कानांत बोटे घालून उभा राही. टाळी नाही, मूठ वर नाही. 'मालकाचा माणूस' हा शिक्का त्याच्यावर बसला, आणि कमिटीत तो शब्द प्रथम उच्चारणारा मीच होतो. आमचा ठराव होता की, बदली कामगारांसह सर्वांना घेतल्याखेरीज कोणीही आत जाणार नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी आम्ही तडजोड केली : कायम कामगार आत, बदलीवाल्यांचे मागाहून पाहू. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, सगळे आत गेले. हा एकटा गेटबाहेर डबा हातात घेऊन उभा. असे तीन दिवस. मी समजावयाला गेलो, तर त्याने खिशातून ठरावाची चुरगळलेली प्रत काढून 'कोणीही' या शब्दावर बोट ठेवले. मी संतापून म्हणालो, "संघटनेशी फितुरी करतोस?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, ठराव कधी बदलला?"

ठराव बदललाच नव्हता. त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती, आणि ती बोलवावयाची आम्हांला हिंमत नव्हती. त्याची नोकरी गेली. त्यानंतरही दोन महिने एक तारखेला तो वर्गणी घेऊन कचेरीत येत राहिला. पुष्कळ वर्षांनी त्याची बहीण भेटली. तिच्या मुलाची तपासणी चालू असताना डॉक्टरांनी मामाचीही केली, आणि चाळिशी उलटल्यावर त्याला हे निदान मिळाले.

एका माणसावरून नियम काढू नये, हे मी जाणतो. स्वमग्न माणसांतही कडवे देशभक्त असतात, तसे देशाचे नावही ज्यांना हलवीत नाही असेही असतात. इस्रायलमध्ये या तरुणांना सक्तीच्या सैनिकी सेवेतून सूट होती. तरी 2013 च्या सुमारास सुरू झालेल्या एका योजनेतून ते आपण होऊन भरती झाले व हवाई छायाचित्रे तपासण्याचे काम करू लागले. त्या सैन्याच्या धोरणाशी माझे मुळीच जमत नाही, पण भरती होणाऱ्या पोरांची ओढ खोटी म्हणता येत नाही. शिवाय शब्दाला चिकटून राहणाऱ्या निष्ठेची दुसरीही बाजू आहे. शब्द देणारा पुढारी लबाड असेल तर असा माणूस सर्वांत आधी फसतो. आम्ही त्याला काय दुसरे केले?

आपल्याकडे बाह्य खुणेचा आग्रह अलीकडेच फार गाजला. महाराष्ट्राच्या चित्रपटगृहांत 2003 पासून राष्ट्रगीत वाजत आले होते. 30 नोव्हेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर बंधनकारक केले व उभे राहण्यास सांगितले. 9 डिसेंबरला अपंगांना उभे राहण्यातून सवलत दिली, आणि 9 जानेवारी 2018 रोजी राष्ट्रगीत वाजविण्याची सक्तीच काढून घेतली. त्यापूर्वी पणजीत चाकाच्या खुर्चीवरील एका गृहस्थांना उभे न राहिल्याबद्दल मार खावा लागला होता. खुर्ची तरी डोळ्यांना दिसते. कर्ण्याच्या आवाजाने कासावीस होऊन कान झाकणाऱ्या पोराची अडचण कोणाला दिसणार?

कॅनरच्या अकरा मुलांतील पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, 2023 साली 89 वर्षांचा होऊन वारला. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी त्याने जन्म काढला. लहानपणी त्याला संस्थेत ठेवले होते, पण आईबापांनी परत आणले. पुढे तो पदवीधर झाला, अनेक दशके बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, भेटेल त्या माणसाला आपल्या हिशेबाने एकेक क्रमांक देत राहिला. दोन पत्रकार त्याच्यावर लिहिण्यासाठी गावात आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले की, याला काही इजा झाली तर गाठ आमच्याशी आहे. बँक त्याच्या आजोळची होती, हे विसरून चालणार नाही. मजुराच्या घरचा असता तर गाव इतके जपते काय, ही शंका मला सुटलेली नाही. तरी त्या गावाने त्याच्याकडे आधी निष्ठेचा पुरावा मागितला नव्हता, हे खरे.

आमच्या युनियनमध्ये आता तडजोडीवर मत हात वर करून घेत नाही, चिठ्ठीने घेतो. ठरावाची प्रत प्रत्येकाच्या हाती आदल्या दिवशी पडते. घोषणा सभेच्या शेवटी ठेवल्या आहेत, आणि त्यापूर्वी ज्याला जावयाचे असेल तो जातो. पहिल्या सभेत किती जातील असा धाक होता. सात जण गेले. त्यांतील पाच जण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला पहाऱ्यावर वेळेवर हजर होते.